ऑपरेशनची हौस

डॉक्टरांनी मला सांगितलं, की तूर्तास काहीही करायचं नाही. आणि त्या दिवसापासून मला घटकाभर उसंत मिळेनाशी झाली.

वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगून टाकतो. मला कॅन्सर आहे. प्रोस्टेटचा. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. सहासष्ट वर्षं ती मुकाट माझ्यासोबत राहिली आणि मला तिचा पत्ता नव्हता. मग एका रक्ततपासणीत पीएसए नावाचा आकडा जरा चढा निघाला, त्यावरून एमआरआय झाला, त्यावरून बारा ठिकाणी सुया टोचून तुकडे काढले आणि त्यातल्या दोन तुकड्यांत ते सापडलं. तपासणीच्या तपशिलात मी शिरत नाही. एवढंच सांगतो, की मोजणी खात्यात आरेखक म्हणून मी छत्तीस वर्षं मान वर न करता नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर ती जरा वर केली होती. त्या आठवड्यात ती कुठं ठेवावी हेच मला कळेना. त्यातून डॉक्टर बाई. त्यातून माझ्या लेकीच्या वयाच्या.

बाईंनी मात्र फार नीट समजावलं. गाठ सहा मिलिमीटरची आहे, कमी धोक्याची आहे, अशा गाठी पुष्कळदा वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत. ऑपरेशन केलं तर ती जाईल खरी, पण तिच्याबरोबर लघवीवरचा ताबा आणि आणखी एक-दोन गोष्टी जाऊ शकतात. तेव्हा तिच्यावर नजर ठेवायची. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, वर्षभरानं पुन्हा एमआरआय आणि पुन्हा तुकडा. ती हातपाय पसरतेय असं दिसलं, की लगेच उपचार. याला सक्रिय निगराणी म्हणतात, आणि निगराणी म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला पटलं. माझ्या नकाशात सहा मिलिमीटरमध्ये अख्खं गाव बसायचं, विहिरीसकट. पण म्हणून कुणी त्या गावावर चाल करून जात नसे.

आमच्या हिला पटलं नाही. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. उतरायच्या आधी एकदम म्हणाली, की हे मी लोकांना सांगू कसं? ताप आला तर गोळी घेतली म्हणता येतं, हाड मोडलं तर प्लास्टर घातलं म्हणता येतं. नवऱ्याला कॅन्सर झाला आणि आम्ही बघत बसलोय, हे तोंडातून निघणार कसं? मी म्हटलं, लोकांना सांगूच नये. तिनं ते मान्य केलं आणि फक्त आपल्या बहिणीला सांगितलं. तिच्या बहिणीला सांगणं म्हणजे काय, ते तिच्या बहिणीला ओळखणाऱ्यांना मी सांगायला नको, कारण ते त्यांना तिच्याकडूनच कळलेलं असणार.

पण एकीला सांगावंच लागलं. आमची लेक एकुलती एक. ती दूर देशात नोकरी करते. आमची सकाळ होते तेव्हा तिची संध्याकाळ असते. चार वर्षं ती घरी आलेली नव्हती. भांडण नव्हतं, काही नव्हतं. कधी रजा नसायची, कधी काम संपायचं नाही, आणि मी तिला प्रत्येक वेळी सांगत आलो होतो, की आमचं छान चाललंय, तू तुझं बघ. दर दुसऱ्या रविवारी तिचा फोन यायचा. तब्येत, हवा, आईला देते, ठेवते. चार मिनिटं. पाचवं मिनिट लागलं तर मला वाटायचं, काही अशुभ तर नाही ना.

आजाराचं कळल्यावर ती रोज फोन करू लागली. सकाळी बरोबर सात वाजता, कामावरून घरी चालत जाता जाता. पहिल्या आठवड्यात गाठीबद्दल बोलली. पण सहा मिलिमीटरवर माणूस बोलणार किती? मग ती दुसरं काही बोलू लागली. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. तिच्या मजल्यावरच्या म्हातारीचं मांजर हिच्याच पायपुसण्यावर येऊन झोपतं. ऑफिसात ती एकटीच डबा नेते. चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते मला दोन महिन्यांत कळलं. मी पावणेसातला दाढी करून फोनसमोर बसू लागलो. फोनवर दाढी दिसत नाही, हे हिनं एकदा माझ्या लक्षात आणून दिलं. पण ती स्वतःही तोवर केस विंचरून आलेली असायची.

अशाच एका सकाळी लेक म्हणाली, की ऑपरेशन करायचं ठरलं तर मी तीन आठवडे येईन. त्यांच्याकडे आईवडिलांच्या मोठ्या आजारपणासाठी वेगळी रजा मिळते. फक्त हॉस्पिटलचं पत्र लागतं, तारीख घातलेलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की नुसती निगराणी असली तर?

"नजर ठेवायला रजा देत नाहीत, बाबा," ती म्हणाली.

तरीही खडा टाकून बघावा म्हणून मी हॉस्पिटलच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकूनबाईंना म्हटलं, की मी आपल्याकडे उपचार घेतोय असं एक पत्र हवं. त्यांनी माझा नंबर संगणकात घातला आणि विचारलं, कोणता उपचार? म्हटलं, निगराणी. म्हणाल्या, ती यादीत नाही. यादीत तीनच पर्याय होते: उपचार सुरू, उपचार पूर्ण, उपचार नाकारले. सुरू म्हणावं तर औषधाचं नाव मागत होतं, पूर्ण म्हणावं तर ऑपरेशनची तारीख. मी म्हटलं, रिकामं सोडा. पण रिकामं सोडलं तर पुढचं पान उघडत नव्हतं आणि माझ्या मागे नऊ माणसं उभी होती. तेव्हा बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत, माझी परवानगी न घेता, मला तिसऱ्या पर्यायात टाकलं. पत्र मिळालं नाही ते नाहीच.

तिसऱ्या दिवसापासून दुपारचे फोन सुरू झाले. उपचार नाकारणाऱ्यांची समजूत काढायला हॉस्पिटलनं एक समुपदेशक बाई नेमल्या होत्या. आवाज मधासारखा. "काका, भीती वाटणं स्वाभाविक आहे," असं त्या म्हणायच्या, आणि मी नाकारलेलं नाही, डॉक्टरांनीच काही करू नका म्हटलंय, असं सांगितलं, की त्या आणखी मऊ आवाजात म्हणायच्या, की सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. एकदा फोन आला तेव्हा आमच्या इमारतीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला येऊन बसले होते, आणि हिनं हात ओले असल्यामुळे फोन स्पीकरवर टाकला. "आपण उपचार नाकारले आहेत" एवढं वाक्य दिवाणखान्यात स्वच्छ ऐकू आलं. सेक्रेटरी चहा अर्धा टाकून उठले. हा माणूस उरलेला चहा बशीत ओतून पिणारा. तो कप अर्धा सोडून गेला म्हणजे काय ते समजा.

रविवारी शिष्टमंडळ आलं. पाच जण, माझ्याच पाच खुर्च्यांवर. मला पलंगावर बसवलं. सेक्रेटरींनी जीवन अनमोल आहे इथपासून सुरुवात केली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या चुलतदिरांची गोष्ट सांगितली, ज्यांनी असंच डॉक्टरांचं ऐकलं नाही. मी म्हटलं, मी ऐकतोय. काकू म्हणाल्या, तेही असंच म्हणायचे. मी फाईल काढली, अहवाल दाखवला, सहा मिलिमीटर दाखवायला माझी जुनी पट्टी आणली. त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की सगळे माझ्याशी गोड बोलत होते. हे लोक वीस वर्षं माझ्याशी सायकल स्टँडवरून भांडत आलेले. आता स्टँडची ती जागा तुम्हीच घ्या, म्हणाले.

एक माणूस तेवढा वेगळा बोलला. वरच्या मजल्यावरचे पीटीचे मास्तर, शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी. ते म्हणाले, की याला ऑपरेशन नको आणि समुपदेशन नको, याला व्यायाम हवा. त्यांच्या घरी एक व्यायामाची सायकल होती, जिच्यावर सून टॉवेल वाळत घालायची. संध्याकाळी ती चौघांनी धरून खाली आणली आणि माझ्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसवली. दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी साडेसातला, लेकीचा फोन संपला रे संपला, की हजर. मी पाय मारायचे आणि त्यांनी मोजायचं. थांबलो की शिट्टी. दीड महिना मी चाळीस-चाळीस मिनिटं जागच्या जागी सायकल चालवली. त्या हिशेबानं मी आतापर्यंत लेकीच्या देशाच्या निम्म्या वाटेवर पोचलो असेन.

सहा महिने भरले. तपासणीच्या दिवशीही मास्तरांनी सुट्टी दिली नाही. सायकलवरून उतरलो, घाम पुसला, बस पकडली, रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. आधी पाच पूर्णांक चार होतं, आता आठ पूर्णांक एक.

हिनं कागद दोनदा वाचला, देवाला ठेवतात तसा हलकेच टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण सकाळी सातला फोन आला, मी आकडा सांगितला आणि लेक म्हणाली, "बस झालं आता. ऑपरेशन करून घ्या. मी येते. तारीख मिळाली की कळवा."

मी फोन ठेवला. मनातली भीती शोधली, तर तिथं दुसरंच काहीतरी होतं. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता.

तिची खोली चार वर्षांत आमची अडगळ झाली होती. माझ्या नकाशांच्या सुरळ्या, हिचं शिलाई मशीन, बंद पडलेला पंखा. दोन दिवसांत आम्ही दोघांनी ती रिकामी केली. हिनं पडदे धुतले, खिडकीच्या काचा तीनदा पुसल्या, मग उशीवर डोकं ठेवून बघितलं आणि कापूस दडस झालाय म्हणून नवी उशी आणली. मी टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवला. कॅन्सर वाढलेल्या माणसाच्या घरात इतकी शिट्टी कोण वाजवतंय म्हणून मी कानोसा घेतला, तर मीच वाजवत होतो.

दुसऱ्या दुपारी सुरळ्या लावताना हॉस्पिटलच्या फाईलमधला सूचनांचा कागद खाली पडला. समोरची बाजू मी वाचलेली होती. मागची वाचली नव्हती. मागे लिहिलं होतं, की रक्त देण्याआधी किमान दोन दिवस सायकल चालवू नये, त्यानं आकडा चढू शकतो.

मी तो कागद उभा राहून वाचला, मग बसून वाचला. मग त्याची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. हिला दाखवला नाही. कुणालाच दाखवला नाही.

दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यांनी अहवाल बघितला आणि शांतपणे प्रश्न विचारायला घेतले. ताप आला होता? नाही. लघवीला जळजळ? नाही. तपासणीच्या आधी सायकल वगैरे चालवली होती?

"नाही," मी म्हटलं.

म्हटलं आणि हिच्याकडे बघितलं. आमची ही म्हणजे कुणाच्या लग्नाचं साल मी एका वर्षानं चुकवलं तर भर पंगतीत उठून दुरुस्त करणारी. दिवाणखान्यात टीव्हीसमोर एवढं धूड उभं आहे, दीड महिना रोज शिट्टी वाजतेय. ही समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

बाई म्हणाल्या, की एका आकड्यावर आपण काही ठरवत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू, लागलं तर एमआरआय करू. मी म्हटलं, कशाला थांबायचं, ऑपरेशनच करून टाकू. तारीख द्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, की मनाला निगराणी झेपत नसेल तर ऑपरेशन मागायचा तुम्हाला हक्क आहे, बरेच जण मागतात, त्यात गैर नाही. पण मागचे सहा महिने तुम्ही कधी घाबरलेले दिसला नाहीत, आजही दिसत नाही. मग त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं: नळी, डायपर, किती महिने, कुणाला कायमचं. मी मान डोलावत होतो. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यावर काय होईल अशी तुमची अपेक्षा आहे?"

प्रश्न साधाच होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "मुलगी येईल."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. मग मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि सायकल सांगितली, मास्तर सांगितले, शिट्टीसुद्धा सांगितली. माझं संपल्यावर ही कॅलेंडरकडेच बघत म्हणाली, "मी हा कागद आधीच वाचला होता. अहवाल आला त्याच दिवशी. मीही बोलले नाही."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता एकच खोटं बोलायची ही पहिली वेळ.

डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या थोडा वेळ त्या कागदाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऑपरेशनचं कारण मला लिहावं लागतं. 'मुलगी येते' असं मला लिहिता यायचं नाही. तिला तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. तारीख मिळाली का, हाच पहिला प्रश्न. मी म्हटलं, ऑपरेशन नाही. सायकलीचं सांगितलं. ती हसायला लागली, मास्तरांच्या शिट्टीला तर इतकी हसली, की रस्त्यात थांबली असावी. मग म्हणाली, "किती बरं झालं, बाबा." आणि खोल श्वास सोडला. तो मला इतक्या लांबून ऐकू आला.

नंतर फोन ठेवायची वेळ आली. या जागी गेली चार वर्षं माझं एक ठरलेलं वाक्य होतं: बरं, आमची काळजी करू नकोस, तू तुझं बघ. ते जिभेवर आलं होतं. ही शेजारी उभी होती. एरवी एवढ्या वेळात तिनं फोन माझ्या हातातून घेतला असता. घेतला नाही.

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तरी ये."

ती म्हणाली, "बघते." आमच्या घरात बघते म्हणजे काय, हे मला पुरतं माहीत आहे. मीही माझ्या वडिलांना प्रत्येक पत्रात बघतो असंच लिहायचो. त्यांच्या माघारी त्यांच्या पेटीत ती पत्रं तारीखवार लावलेली सापडली होती.

सहा आठवड्यांनी रक्त दिलं, आकडा पाच पूर्णांक तीन. गाठ आपल्या जागी, मी माझ्या. सायकल वर गेली आणि तिच्यावर पुन्हा टॉवेल वाळू लागले. सायकल स्टँडची जागा सेक्रेटरींनी परत मागितली आणि आम्ही कडकडून भांडलो, तेव्हा मला फार बरं वाटलं. समुपदेशक बाईंचे फोन अजून येतात. कारकूनबाईंची यादी बदललेली नाही. लेकीचे फोन रोजचे आठवड्यावर आले. मी दाढी मात्र पावणेसातलाच करत राहिलो. तिची खोली आवरलेली होती. ही रोज दार उघडून खिडकी उघडायची, संध्याकाळी खिडकी लावून दार लावायची. तिथं मशीन परत नेऊन ठेवू का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, राहू दे इथंच, मला उजेड बरा पडतो. मशीन होतं पॅसेजच्या कोपऱ्यात, जिथं दिवसाही दिवा लागतो.

तिसऱ्या महिन्यात लेक आली. साध्या रजेवर, आठ दिवसांसाठी. पत्र नाही, कारण नाही. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी कपाटावरून आईशी तिचं वाजलं. मी मनात बोलायच्या गोष्टींची लांबलचक यादी करून ठेवली होती. त्यातली एकही बोललो नाही. ती माझ्या शेजारी बसून काहीतरी वाचायची, पाय माझ्या खुर्चीच्या दांडीवर टेकवून, आणि मी वर्तमानपत्राचं तेच पान धरून बसायचो.

सहाव्या दिवशी पुस्तकातून डोकं न काढता तिनं विचारलं, "खरंच ऑपरेशन करून घेतलं असतंत?"

"हो."

मग ती जी सुरू झाली ती पाऊण तास. अक्कल आहे का, वय काय तुमचं, कायमचं काही होऊन बसलं असतं म्हणजे, आणि आई, तूसुद्धा. आम्ही दोघं समोर बसून ऐकत होतो. इतक्या महिन्यांत आमच्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. ही मधेच उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आली, म्हणजे घसा कोरडा पडून ती थांबू नये.

नवव्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी उभी राहिली. सामान ठेवून झालं. आईला मिठी मारून झाली. माझ्यापाशी येऊन ती म्हणाली, "बाबा, असं काही करण्यापेक्षा ये म्हणत जा ना."

"म्हटलं तर येशील?"

"दर वेळी नाही जमणार," ती म्हणाली. "पण म्हणत जा."

ती गाडीत बसली, काच खाली केली. जाताना जाते म्हणू नये, हे तिला आम्हीच लहानपणी शिकवलेलं. ती म्हणाली, "येते, बाबा."

गाडी सुरू झाली होती, त्यामुळे जरा मोठ्यानं म्हणावं लागलं.

"ये," मी म्हटलं.